कमलअक्का कधीच वेळेवर पोचल्या नाहीत

कमलअक्का रोज पहाटे माझ्याबरोबर फिरायला निघत आणि अर्ध्या तासाने आम्ही दोघी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी असू. अंगण झाडणारी दिसली की तिच्या सुनेचं बाळंतपण निघे, दूधवाला दिसला की त्याच्या आईचे गुडघे. मी घड्याळ बघे. "मॅडम, रस्ता पळी जाई का?" त्या विचारत. रस्ता पळून जाणार नव्हता, हे मलाही मान्य होतं. पण पांझरा नदीच्या पुलापर्यंत जायचं ठरलं असेल तर पुलापर्यंत जावं, एवढंच माझं म्हणणं.

ईशा, नील, फोटोत आजीच्या गळ्यात मेडल नाही आणि हातात स्टीलचा डबा कसा, असं तुम्ही विचारलंत, म्हणून हे लिहिते आहे.

अक्का देवपुरातल्या आमच्या शेजारी. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेल्या, सरकारी नोकरीत नर्स. धुळ्याच्या आसपासच्या खेड्यांत लसी टोचत त्या वर्षानुवर्षं हिंडल्या. निवृत्तीनंतरही रडणारं मूल दिसलं की हात आपोआप त्याच्या कपाळावर जाई. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं. माझ्या स्वयंपाकघरातही वेळापत्रक. ते बघून त्या म्हणत, "भाजीले बी घंटा वाजस का?"

मग त्यांचं मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. डायलिसिसला मी सोबत जाई. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवतोय आणि अक्का प्रत्येक पलंगापाशी उभ्या. "बठ्ठास्ले हाक मारीसन जावाले जोयजे," सगळ्यांना हाक मारूनच निघायचं, हे वर मलाच. गेल्या पावसाळ्यात गेल्या, त्या मात्र कुणालाच हाक न मारता, झोपेत.

हिवाळ्यात त्या दवाखान्याला डायलिसिसची आणखी मशिनं मिळावीत म्हणून एकवीस किलोमीटरची दौड ठरली. ज्याच्या आठवणीत धावायचं त्याचं नाव पाठीवर लावायचं, आणि कमानीखालून पुढे गेलात की माईकवरून ते नाव पुकारणार. कमान सकाळी दहापर्यंतच उभी राहणार होती. अक्कांचं नाव त्या माईकवरून पुकारलं गेलंच पाहिजे, असं मी ठरवलं. तुमच्या बाबांचा फोन आला, "आई, तुझं वय काय?" मी त्याला सरावाचं वेळापत्रक पाठवलं.

चूक एकच केली. माईकवाल्याला लांबून वाचता यावं म्हणून नाव ठळक, मोठ्या अक्षरांत लिहिलं. ते रस्त्यावरच्या सगळ्यांनाच वाचता येत होतं.

शहर संपून पहिलं खेडं लागलं तोच मागून हाक आली. "ओ आजी, थांबा. या आमच्या नर्सबाई का?"

"हो, त्याच."

"मग च्या ल्या."

"शर्यत आहे हो. उशीर होईल."

बाईने कमरेवर हात ठेवला. "अक्कांचं नाव पाठीवर आणि चहाला नाही? अक्का तर दुसरा कप मागून घ्यायच्या."

प्यावा लागला. तेवढ्यात तिने पुढच्या घराला ओरडून सांगितलं आणि पुढच्याने त्याच्या पुढच्याला. पुढच्या वळणावरून परत फिरले तर त्याच खेड्यात ओट्याओट्यावर माणसं उभी. एका दाढीवाल्याने बाही वर करून दंडावरचा व्रण दाखवला आणि म्हणाला, "यांनीच टोचलं. लई रडलो होतो." कुणी केळं दिलं, कुणी शेंगदाण्याचा लाडू. शेवटी एका म्हातारीने डबा हातात कोंबला. "भरीत शे. अक्कास्ले आवडे." पळणाऱ्याला भरीत कोण देतं? खान्देशात देतात.

पुलावर आले तेव्हा दहा वाजून गेले होते. तरीही धावले. प्रत्येक पावलाला डब्याचं झाकण वाजत होतं.

कमान जमिनीवर आडवी होती. दोघे जण सतरंजी गुंडाळत होते, मेडलं खोक्यात घालून कधीच गेली होती. माईकवाला वायरीचं भेंडोळं खांद्यावर घालून निघाला होता.

"आजी, झालं हो सगळं."

"एक नाव पुकारायचं राहिलं."

"आता कोण ऐकणार?" म्हणत तो माझ्या मागे आला. पाठीवरचं नाव वाचलं. "देवपूरच्या अक्का? माझ्या वडिलांच्या शेजारच्याच पलंगावर असायच्या. निघताना दर वेळी त्यांच्या पायावर पांघरूण घालून जायच्या."

त्याने भेंडोळं खाली ठेवलं, वायर पुन्हा जोडली, माईकवर दोनदा टिचकी मारली. दिवंगत, स्मरणार्थ, असं काही तो म्हणाला नाही. मोकळ्या मैदानाकडे बघून एवढंच म्हणाला,

"बठ्ठा आयका. कमलअक्का उन्यात."

अक्का आल्या. सतरंजीवाले थांबले. पलीकडचा चहागाडीवाला उठून उभा राहिला आणि तिथूनच त्याने विचारलं, "किती कप?"

मी घड्याळ काढून पिशवीत टाकलं. "सगळ्यांना," म्हटलं, आणि डबा उघडला. तुम्ही विचारलेला फोटो तेव्हाचा आहे, माईकवाल्याने काढलेला.