पडद्यावरचा सिग्नल

जपानमधल्या एका मोठ्या कंपनीची गेम पार्लरं एकेक करून बंद झाली, असं आज वाचलं आणि पूर्णेच्या स्टेशनाजवळचं पार्लर आठवलं. जपानी अक्षरांच्या जुन्या मशिनी, तापलेल्या वायरींचा वास. एकदा मला घरी न्यायला रागाने आलेले बाबा स्वतःच मोटारीच्या खेळाला बसले. ते रेल्वेत ड्रायव्हर होते. पडद्यावर लाल सिग्नल दिसला की मोटार थांबवायचे.

“साहेब, खेळात कशाला थांबायलाव?” मालक म्हणाला.

“लाल हाय की.”

वेळ संपली, बाबा हरले. सगळे हसले. मला लय लाज वाटली.

पार्लर गेलं, बाबाही गेले. परभणीत चौकात आडवं कुणी येत नसलं तरी मी लाल दिव्याला स्कूटर थांबवते. मागचे हॉर्न वाजवत राहतात.