जाऊबाईंचं न चाललेलं रक्त

माझा थायरॉईड इतका वाढला होता की बसल्या जागी छाती धडधडायची आणि बोटं थरथरायची. गोळ्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या, म्हणून गोळ्या बंद केल्या. आता ऑपरेशन करून गळ्यातली ग्रंथीच काढायची होती. पण हार्मोन खाली आल्याशिवाय भूल देणं जिवावर बेतेल, असं जालन्याच्या डॉक्टरबाईंनी बजावलं. म्हणून प्लाझ्मा बदलायचं ठरलं. मशीन रक्तातलं पिवळं पाणी हार्मोनसकट काढून घेणार आणि त्याजागी दात्यांचा प्लाझ्मा भरणार.

नवऱ्याने हे फोनवर घरी कळवलं. अंबडकडच्या आमच्या गावात त्याचं 'धाकटीचं समदं रक्त बदलून राह्यलेत' असं झालं, आणि दुसऱ्या दिवशी जीपभर माणसं रक्त द्यायला हजर. सगळ्यांत पुढे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांच्याशी माझा वर्षभर अबोला होता. एका दुपारी वरण करपलं म्हणून मी त्यांना नको नको ते बोलले होते. तो संताप आजाराचा, असं डॉक्टरबाई म्हणतात. मला विचाराल तर निम्मा आजाराचा, निम्मा माझा.

रक्तपेढीवाल्यांना जीपभर माणसं नको होती. वापरलेल्या प्लाझ्माच्या बदल्यात चौघांनी रक्त दिलं तरी पुरे, असं त्यांनी सांगितलं. जाऊबाईंना तर हिमोग्लोबिन कमी म्हणून परतच पाठवलं. त्यांचा असा पापड मोडला की त्या तडक माझ्या खाटेशी येऊन बसल्या. माझ्या मानेत नळी, शेजारी मशीन सुरू, पळायची सोय नव्हती.

"माझं रक्त न्हाई चालत म्हणे," त्या म्हणाल्या. "मंग भांडण तरी मिटवून जाते. बोल."

मला रडू कोसळलं. मी माफी मागितली, त्यांनी पदराने माझं नाक पुसलं, आणि नर्सने दोघींनाही दटावलं.

त्या गावी गेल्याच नाहीत. प्लाझ्मा तीनदा बदलला. चौथ्या दिवशी रिपोर्ट पाहून डॉक्टरबाई हसल्या आणि उद्या ऑपरेशन म्हणाल्या. नवरा चहा आणायला गेला होता, म्हणून ही आनंदाची बातमी मी आधी जाऊबाईंना सांगितली. त्यांनी माझा हात धरून ठेवला. तो आता थरथरत नव्हता.

"बरी हो जल्दी," त्या म्हणाल्या. "पण घरी आल्यावर गप गप बसू नको. तू बोलत नव्हती तं सालभर घर लई सुनं लागलं."