लाल बोरांचा नाताळ

सिंदीच्या दवाखान्यातल्या नर्सबाई ख्रिस्ती होत्या, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि अडल्या वेळी गाव ते सोयीने विसरत असे. माझा धाकटा भाऊ पायाळू. सुईणीने हात टेकले तेव्हा वडील धावत जाऊन नर्सबाईंना घेऊन आले. त्यांनी आईलाही वाचवलं आणि बाळालाही. तेव्हापासून त्या दवाखाना सुटल्यावर कधीमधी आमच्या ओसरीवर टेकत. आई त्यांच्याशी मनमोकळं बोले. त्यांचा पाण्याचा पेला मात्र वेगळा होता.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. नाताळाच्या आदल्या दिवशी त्या मला घेऊन शेताकडे निघाल्या.

"मिशनच्या दवाखान्यात शिकत होती तवा भिंतीवर विलायतेची चित्रं राहत," त्या सांगू लागल्या. "हिरवी पानं, लाल फळं, वरून बरफ. मले वाटे, हे रंग आपल्याकडे कुठं भेटतीन?"

"मग भेटले का?"

"पाहाय ना तूच!"

शेताच्या कडेला धुऱ्यावर अंबाडीची बोंडं लालभडक झाली होती. कुंपणावरच्या वेलाला पिकलेली तोंडली लोंबत होती, त्यातली निम्मी बुलबुलांनी फोडलेली. पऱ्हाटीवर शेवटच्या वेच्याचा कापूस उरला होता. नर्सबाई सगळ्यात जास्त खूश झाल्या त्या बोरीपाशी. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी आणि लाल बोरं होती, आणि पान उलटं केलं की खालून पांढरट.

"लाल म्हणजे येशूचं रक्त, हिरवा म्हणजे न मरणारा जीव," त्या म्हणाल्या आणि पदर हाताला गुंडाळून ती काटेरी फांदी तोडू लागल्या. त्यांच्या खोलीत आम्ही ती डब्यात उभी केली आणि तिच्यावर कापूस पसरला. जीव ओवाळून टाकावा इतकी ती सुंदर दिसत होती.

नाताळाच्या दिवशी दुपारी त्या करंज्यांची थाळी घेऊन आल्या. वर अंबाडीची एक डहाळी ठेवली होती.

"अगबाई, कायले येवढं!" म्हणत आईने हसून थाळी घेतली. त्या वळल्या तशी ती परसात गेली आणि सगळ्या करंज्या तिने गाईच्या घमेल्यात ओतल्या. डहाळीसुद्धा.

माझ्यासाठी वेगळी बांधून आणलेली बोरं द्यायची राहिली, म्हणून नर्सबाई परसाकडून परत आल्या होत्या. त्यांनी घमेल्याकडे पाहिलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"गाईले आवडल्या वाटते," त्या म्हणाल्या. बोरांची पुरचुंडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि निघून गेल्या. त्यानंतर आमच्या ओसरीवर त्या कधीच बसल्या नाहीत.

उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. त्यांनी स्वतःच मागून घेतली, असं वडिलांच्या कानावर आलं. त्यांच्या जागी कोणी आलं नाही.

पावसाळ्यात बाळंतपणात आई पुन्हा अडली. सुईणीने सकाळपासून खटपट केली. वर्ध्याला न्यायला वडिलांनी बंडी जुंपली, पण बंडी दारातून हलायच्या आतच बहीण जन्मली. ती रडलीच नाही. तिला मातीत ठेवून वडील परत आले, तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"नर्सबाई असत्या तर वाचली असती पोर," ती म्हणाली.

वडील पायांवरचा चिखल धुवत होते. त्यांचा हात थांबला. "असत्या तर तू त्यायले घरात घेतलं असतं?"

"बाळंतपणाले काऊन नाई घेतलं असतं?" आई म्हणाली. "खाण्यापिण्याचं वेगळं राह्यते."

वडिलांच्या बोलण्यातली मेख तिला खरोखरच कळली नव्हती. वडिलांनी पुन्हा पाय धुवायला घेतले.

आई पुढे खूप जगली. आमचं भांडण असं कधी झालं नाही. तिचं शेवटचं दुखणंही मीच काढलं. पण करंज्यांच्या त्या दुपारी तिच्याविषयी मनात जे कडू झालं, ते काही केल्या गोड झालं नाही.