पास्कू मिस्त्रीविरुद्ध मी काढलेले पत्रक

आगगाडीच्या कारखान्यातली कायमची नोकरी आपण होऊन सोडून, खांद्यावर हत्यारांची पेटी टाकून दारोदार फिरणाऱ्या माणसाला तुम्ही घरात घ्याल काय? मी घेतला नसता.

बाळकुमचा पास्कू मिस्त्री, किरिस्ताव, पन्नाशीचा. ठाण्यापासून कल्याणपर्यंत पायी फिरून तो घड्याळे, पंप, शिवणयंत्रे दुरुस्त करी. नोकरी का सोडली, असे विचारले की म्हणे, "तिकडं दिवसभर एकच चाक घासायचो. ते कुठं बसतंय ते कधी बघाया मिळालं नाय." यावर कोणाचा विश्वास बसेना. चोरी केली असेल, नाहीतर साहेबानेच हेर म्हणून सोडला असेल, असे कल्याणात बोलत. शिवाय मालक समोर बसल्याशिवाय तो यंत्र खोलत नसे. "शेट, उठू नका. तुमची नजर हटली की चोर मीच." भल्या माणसाला इतकी सावधगिरी कशाला लागते, असे मला वाटे.

गोविंदशेट शिंप्याचे यंत्र त्याने भाद्रपदात नीट केले. दसरा उलटताच ते बंद पडले. "मुद्दाम बिघडवून गेला, पुन्हा बोलावणं यावं म्हणून," शेट म्हणाले. मला एवढे पुरे झाले. कल्याणात माझा लहानसा छापखाना होता, आणि लबाडीविरुद्ध लेखणी चालवणे हा मी धर्म समजत होतो. मिस्त्रीला एक शब्द न विचारता मी त्याच्या नावानिशी पत्रक छापून वाटले. आठवड्यात त्याला सगळी दारे बंद झाली.

तो थेट माझ्याकडे आला. "दादा, लिवलं ते लिवलं. आता बघाया चला."

शेटच्या दुकानात माणसे जमली. "हात लावू नकोस," शेट म्हणाले.

"मग तुम्हीच खोला. मी सांगतो."

शेटनी एकेक स्क्रू काढला. दात्यांच्या चाकात कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा अडकला होता, शेजारचा दाता मोडला होता. दसऱ्याला शेटनीच यंत्राची पूजा करून अक्षता वाहिल्या होत्या. पास्कूने हात पाठीमागेच ठेवले. "देव तुमचा, तुम्हीच काढा. पुढच्या दसऱ्याला वरच्या लाकडाला वाहा शेट, यंत्राला पोचतं."

माझी चूक कबूल करणारे दुसरे पत्रक मी छापले. लोक म्हणाले, "आता हाही मिस्त्रीला सामील." शेटखेरीज कोणी त्याला बोलावले नाही. शिमग्याआधी तो पनवेलच्या वाटेला लागला.

पनवेलकडच्या वाचकांनो, तो तुमच्या दारी आला तर बंद पडलेले यंत्र त्याच्यापुढे ठेवा, आणि शेजाऱ्यांना बघायला बोलवा.