सोमवारची पोथी

आमच्या सिडकोतल्या दत्तमंदिरात दर गुरुवारी संध्याकाळी पोथी वाचली जाते. त्या वेळी मी मंदिर समितीचा चिटणीस होतो. वाचायला बसायचे ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेले काका. बायकांनी ऐकायचं, वाचायचं नाही, असा पहिल्यापासूनचा रिवाज.

एका गुरुवारी आरती झाली आणि मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. दवाखान्यात नर्स, माहेर दौलताबादचं.

"काका, मला हे पटत नाय," त्या म्हणाल्या. "आम्ही वाचलं तर काय बिघडतंय? पुढच्या गुरुवारी मला एक अध्याय वाचू द्या."

दोघं-तिघं पुरुष तावातावानं बोलायला लागले. काकांनी पोथी कापडात बांधली. "प्रसाद घेऊन जा सगळे," एवढंच म्हणाले.

घरी पोचायच्या आत मी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, 'ज्यांना नियम मान्य नाहीत त्यांनी मंदिरात येऊ नये.' भराभर अंगठे आले. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

सकाळी काका दारात. "तो मेसेज काढून टाका."

"काका, चारचौघांत अपमान केला त्यांनी तुमचा."

"अपमान कसला? तोंडावर विचारलं. मला आवडलं ते. चला, त्यांच्याकडं जाऊन येऊ."

बाई नुकत्याच ड्युटीवरून आल्या होत्या. आम्ही रागवायला आलोय असंच त्यांना वाटलं. चहा देऊन त्या दाराशीच उभ्या राहिल्या.

"बसा ताई," काका म्हणाले. "तुम्हाला का वाचावंसं वाटतं, ते ऐकायला आलोय."

त्या खुर्चीवर टेकल्या आणि बोलायला लागल्या. आईची नजर गेली होती. वडील दिवसभर शेतात. चौथीत असल्यापासून रोज संध्याकाळी त्या आईला पोथी वाचून दाखवायच्या. "आईनं कधी अडवलं नाय. इथं आल्यावर कळलं, मी पाप करत होते म्हणून." मी कपात बघत राहिलो.

"ते पाप नव्हतं," काका म्हणाले. "पण खरं सांगतो, रिवाज मोडायला माझं मन अजून धजत नाही. तुम्ही हे गुरुवारी सगळ्यांपुढं सांगा. मी समोर बसतो. मधे कुणी बोलणार नाही."

गुरुवारी बाईंनी सांगितलं, आणि कुणी मधे बोललं नाही. नंतर दोन घरं यायची बंद झाली. समितीत हात वर झाले तेव्हा गुरुवारचा रिवाज काही बदलला नाही; बदलाच्या विरोधात माझाही हात होता. मग काकांनीच मांडलं, की सोमवारी मंडप बायकांच्या वाचनाला द्यावा. ते मंजूर झालं.

"सोमवार तर सोमवार," बाई म्हणाल्या. "पण गुरुवारचं मागणं मी सोडलेलं नाय, काका."

"सोडू नका."

काका दारात आले त्याच दिवशी मी मेसेज काढला होता. त्याच ग्रुपवर माफी मागायला मात्र मला आणखी आठवडा लागला.

पहिल्या सोमवारी काका आले आणि मागं भिंतीला टेकून बसले. बाई एका जोडाक्षरावर अडखळल्या. त्यांनी मान वर करून पाहिलं तेव्हाच काकांनी शब्द सांगितला. वाचन संपल्यावर काका पुढं येऊन वाकले, तशा त्या घाबरून मागं सरकल्या. "अहो, वाचणाऱ्याला करतात नमस्कार," काका म्हणाले.

गुरुवारी अजून पुरुषच वाचतात. समितीच्या दर बैठकीला बाई येतात आणि तोच विषय काढतात. काही जण उसासे टाकतात. काका त्यांचं बोलणं पुरं होऊ देतात आणि मला म्हणतात, "नीट लिहून घ्या."