कानातला कुकर

आमच्या येरमाळ्यात शेजारच्या मावशींकडं गेलं, की पाणी मिळायच्या आधी त्यांचा कान मिळायचा. पदर सारून त्या आपला उजवा कान समोरचीच्या कानाला लावायच्या. "ऐक बरं, शिट्टी येती का?" ती शिट्टी त्यांना दिवसरात्र ऐकू यायची, दुसऱ्या कुणालाच नाही. बाया हसायच्या. मला बोलायची लाज, म्हणून मी नुसती ऐकत उभी राहायचे. "ही पोरगी मन लावून ऐकती," म्हणत त्यांनी धाराशिवला ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्यायला जाताना मलाच सोबत नेलं.

खरं दुखणं झोपेचं होतं. आडवं झालं की शिट्टी वाढायची, छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे. "कुकर हाय कानात, शिजत काईच न्हाय," असं चारचौघींत म्हणायच्या. एसटीत मात्र हळूच म्हणाल्या, "झोप न्हाय आली तर येड लागंल गं मला."

डॉक्टरीणबाईंनी कानामागं, मनगटात आणि पायात बारीक सुया लावल्या.

"कान वर हाय, बाई. तुमी खाली कुठं चालला?"

बाई हसल्या. म्हणाल्या, काळजाचे ठोके, घाम, पोट, हे सगळं आपल्याला न विचारता चालतं. ते चालवणाऱ्या नसा तुमच्या सदा घाबरलेल्या असतात. त्या निवल्या तर झोप येईल. शिट्टी जाईलच, असं मी सांगत नाही.

"म्हंजी आमच्या सुनंवानी," मावशी म्हणाल्या. "न विचारता कारभार." आणि सुयांसकट घोरायला लागल्या. बाहेरचे पेशंट दारातून डोकावून गेले. येताना एसटीत त्यांनी माझा हात धरला, तर त्यांचा तळवा चांगला ऊन लागला.

अशा बऱ्याच खेपा झाल्या. हळूहळू घरीही डोळा लागायला लागला. सून विचारायची, "शिट्टी गेली का, आत्याबाई?"

"हाय की. पर आता शेजारणीच्या घरातली वाटती." असं म्हणून माझ्याकडं बघायच्या.

गेल्या उन्हाळ्यात दुपारी मी गेले, तर मावशी भिंतीकडं तोंड करून निजलेल्या. सुनेनं ओठांवर बोट ठेवलं. आम्ही कुजबुजत, कपबशीचाही आवाज न करता चहा घेतला, त्यांचा झाकून ठेवला. लागलीय झोप, लागू द्या, म्हणून कुणीच हाक मारली नाही. दिवेलागणीला सून उठवायला गेली, तेव्हा मावशी कधीच गेल्या होत्या.

रडताना ती एकच म्हणत होती, "आपण उगंच कुजबुजत बसलो, ताई."