गौतमआप्पांचे पळते सूर

गौतमआप्पा पहिल्यांदा शिरूरच्या वाचनालयात आले ते पुस्तक न्यायला नव्हे, घेऊन. माझ्या टेबलावर त्यांनी वाजवायच्या कीबोर्डची जाडजूड माहितीपुस्तिका ठेवली आणि म्हणाले, "सर, समदं इंग्रजीत हाय. चार पानं समजून सांगा. बाकी मी हातानं हुडकतो."

दौंडला रेल्वेत फिटरची नोकरी करून ते निवृत्त झाले होते. त्यांच्या पत्नी विमलकाकू बुद्ध-भीमगीतं गात आणि आप्पा साथ करत. ढोलकीवाला, बेंजोवाला एकेक करून गेले. गायन पार्टीत हे दोघंच उरले. तेव्हा आप्पांनी हा कीबोर्ड घेतला. त्यातल्याच सिक्वेन्सरवर वाजवलेलं साठवता येतं, एका थरावर दुसरा चढवता येतो. त्या चार पानांसाठी मी त्यांच्या घरी गेलो आणि मग जातच राहिलो.

तीन पट्ट्या एकत्र दाबून धरल्या की यंत्र ते स्वर सुटे करून एकामागून एक वाजवत राहतं. पुस्तिकेत त्याला आर्पेजिओ म्हटलं होतं, आप्पा म्हणत, "पळते सूर." घंटेसारख्या आवाजात ते पळवायचे, खाली व्हायोलिनचा संथ थर, तळाला बेस. अडचण एकच होती. काकू ओळीच्या शेवटी रेंगाळून श्वास घेत, आणि पळते सूर कोणासाठी थांबत नसत.

"तुमच्या मशीनपेक्षा मालगाडी बरी," काकू म्हणायच्या. "शिग्नलला तरी थांबती."

"थांब गं, शिकवतो त्याला."

वेगाचं बटण फिरवलं की तो फेरफारही वेगळा नोंदला जातो, हे मला पुस्तिकेत सापडलं. तेव्हापासून आप्पांची रीत ठरली. सगळे थर आधी वाजवून ठेवायचे. मग काकूंनी समोर उभं राहून गायचं आणि आप्पांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत फक्त बटण फिरवायचं. श्वासाच्या जागी हळू, पुढे पुन्हा पूर्वीसारखं. आप्पांच्या हृदयाचं दुखणं तोवर आम्हा तिघांनाही ठाऊक झालं होतं. "मी नसलो तरी हिचं गाणं बंद पडाया नगं," एवढंच ते एकदा बोलले.

गेल्या वर्षी आप्पा गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आप्पांनी साठवलेले सूर लावून काकू कीबोर्डपाशी गायला उभ्या राहिल्या. दुसऱ्याच ओळीला त्यांना धाप लागली. सूर पुढे निघून गेले. ते जिथे मंदावले, तिथवर काकू पोचल्याच नव्हत्या. त्यांनी हात जोडले आणि त्या खाली बसल्या.

महिन्याभराने त्यांनी मला बोलावलं. "सर, ते येगाचं पुसा आन् नवं करा."

माझा हात पुढे होईना. "काकू, त्यात आप्पा आहेत."

"व्हय. पन त्यांनी माझा तवाचा दम बघून फिरवलं. आता तेवढा दम न्हाई मला. ते असते तर जुन्यावरच गा म्हनले असते का?"

मी विचारलं, "एक प्रत काढून ठेवू?"

"ठेवा की. तुम्ही वाचनालयवाले, ठेवनारच. मला गायाचं हाय."

प्रत काढून मी आप्पांच्या खुर्चीत बसलो. सूर सुरू झाले, काकू गाऊ लागल्या. पहिल्या ओळीला मी बटण उशिरा फिरवलं. दुसऱ्या ओळीला फारच लवकर. मी ओशाळून थांबलो.

काकूंनी पदराने तोंड पुसलं. "त्यांनाबी आधी जमत नव्हतं," त्या म्हणाल्या. "घ्या परत."